‘डूम’ची पोथी आणि तिचे वाचक

– द्वितीय वर्ष, कला

संगणकावरचे खेळ हा काही वार्षिकाच्या पानांना शोभणारा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत बोईसरच्या घरी जुनी पेटी आवरताना मामाची एक फ्लॉपी सापडली आणि तिच्यावरील एका चिमुकल्या फाइलने मला दोन आठवडे कामाला लावले. पाठचिकित्सा म्हणून आपण वर्गात जे शिकतो, ते त्या दोन आठवड्यांत मला प्रथमच थोडेफार उमगले.

मामा १९९८ साली बोईसरला एका संगणक-वर्गात शिकवीत असे. संध्याकाळची शेवटची तुकडी सुटली की तेथे ‘डूम’ नावाचा खेळ रंगे. मामा आता नाही. फ्लॉपीवर त्याच्या अक्षरात ‘डूम – माझा डाव’ एवढेच लिहिले होते. फ्लॉपी वाचणारे यंत्र ओळखीने एका दुकानदाराकडून दोन दिवसांसाठी मिळाले. आत निघाली १५,४१४ बाइटची फाइल. मी बुचकळ्यात पडलो. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रसुद्धा याच्या कितीतरी पट मोठे असते. मग एवढ्याशा जागेत अख्खा डाव मावला कसा?

याचे उत्तर खेळाच्या रचनेत आहे. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ प्रसिद्ध केला. त्याचा नऊ नकाशांचा पहिला भाग कोणीही फुकट वाटावा अशी मोकळीक होती. पुढील भाग पैसे देऊन घ्यावे लागत. या खेळाचे दोन वेगळे अंश आहेत. नकाशे, चित्रे, आवाज हे सारे ‘वॅड’ नावाच्या फाइलीत असते आणि ते वाचून पडद्यावर उभे करणारे इंजिन निराळे असते. मी आपला मनाशी त्यांना पोथी आणि वाचक म्हणतो.

पोथी अजून जशीच्या तशी आहे, पण तिचा मूळ वाचक डॉसच्या काळातला. आजच्या ६४ बिटी विंडोजवर तो चालत नाही. मग दोन वाटा उरतात. एक डॉसबॉक्सची, म्हणजे नव्या संगणकाने जुन्या संगणकाचे सोंग घ्यायचे आणि त्या सोंगात जुना प्रोग्रॅम चालवायचा. (माझे काम त्यानेही झाले असते, हे प्रांजळपणे सांगतो.) दुसरी वाट सोर्स पोर्टची: मूळ सोर्स कोड घेऊन तो नव्या यंत्रासाठी पुन्हा बांधायचा. ही वाट मोकळी झाली ती २३ डिसेंबर १९९७ रोजी, जॉन कारमॅक यांनी इंजिनाचा कोड जाहीर केला तेव्हा. १९९९ मध्ये तोच कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली आला. मात्र दान पूर्ण नव्हते. डॉसवरील आवाजाचा भाग कंपनीने दुसऱ्याकडून परवान्याने घेतलेला असल्यामुळे तो देता येईना. म्हणून लिनक्सवरील आवृत्तीचा कोड दिला गेला आणि उरलेले हौशी मंडळींनी भरून काढले. पोथीवरचा हक्क कंपनीने सोडला नाही, तो आजही नाही. म्हणूनच २००१ पासून ‘फ्रीडूम’ या नावाने काहींनी स्वतःची नवी, मुक्त पोथीच रचावयास घेतली.

आता मामाच्या फाइलीकडे येतो. तिच्यात चित्र नाही, आवाज नाही. ‘डूम’ सेकंदाचे ३५ भाग करतो आणि प्रत्येक भागात खेळाडू किती पुढे गेला, किती बाजूला सरकला, किती वळला आणि कोणती कळ दाबली, एवढेच चार बाइटांत टिपून ठेवतो. आरंभीचे १३ बाइट आणि शेवटची एक खूण वजा केली, तर १५,४०० उरतात; म्हणजे ३,८५० नोंदी, बरोबर ११० सेकंद. राक्षस कोठे वळला, गोळी किती लागली, याची नोंदच नसते. दैव वाटावे असे जे काही त्या खेळात घडते, ते २५६ आकड्यांच्या एका ठरीव तक्त्यातून येते. म्हणून त्याच हालचाली त्याच इंजिनाला दिल्या की तोच डाव पुन्हा घडतो. परंतु इंजिनातील एखादी चूक कोणी सद्भावनेने दुरुस्त केली, की एखादा राक्षस क्षणभर आधी वळतो, तक्त्यातला पुढचा आकडा चुकीच्या जागी पडतो आणि पुढे खेळाडू भिंतीला धडका देत राहतो.

मी आधी जीझेडडूम घेतले. ते देखणे आहे, प्रकाशछाया सुंदर आहेत. पण मामाची फाइल त्याने चालवली नाही. मग सायमन हॉवर्ड यांचे चॉकलेट डूम मिळाले. २००५ पासूनच्या या पोर्टचा बाणाच असा, की मूळ खेळ दोषांसकट जपायचा. एका दृश्यात जमिनी आणि छतांचे १२८ हून अधिक तुकडे झाले तर मूळ खेळ बंद पडे, हाही पडतो! मला प्रथम हा हट्ट वेडगळ वाटला होता.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात आपली भर घालू नये, असे बजावले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय पालघरात उभे आहे, त्या सोनोपंत दांडेकरांनीही ज्ञानेश्वरीचे संपादन केले. नाथांनी काढले ते नकलाकारांचे दोष. ‘डूम’मधले दोष मात्र खुद्द कर्त्यांचे आहेत. मुळापर्यंत पोहोचायचे म्हणून एके ठिकाणी चूक काढावी लागते आणि दुसऱ्या ठिकाणी तीच ठेवावी लागते. जीझेडडूमला मी वाईट म्हणत नाही. नवा डाव खेळायला मी तेच उघडतो. पण जुना डाव पाहायला ते उपयोगाचे नाही, हे खरे.

चॉकलेट डूममध्ये फाइल चालू केली तेव्हा आई भाकऱ्या टाकत होती. ती हात पुसत येऊन मागे उभी राहिली. पडद्यावरचा शिपाई धावत सुटला, दार पुरते उघडण्याआधीच आत घुसला.

“दादा अस्साच,” आई म्हणाली, “धीर म्हणून नाही.”

शेवटच्या खुणेआधीचे ५६० बाइट नुसती शून्ये आहेत, म्हणजे चार सेकंद. दोन राक्षस मारून शिपाई एका भिंतीसमोर थांबतो, गोळी नाही, पाऊल नाही, आणि नोंद संपते. तो का थांबला असेल, असे मी आईला विचारले.

“चहा आला असेल,” ती म्हणाली. “पुन्हा लाव बघू.”