वॉटांच्या आकड्याआड

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर छापलेला वॉटांचा आकडा हा एक करारनामा असतो खरा. परंतु त्या करारातला दुसरा पक्षकार आपला स्पीकर नसून प्रयोगशाळेतला 8 ओहमांचा मुका, आज्ञाधारक रोध असतो, ही बाब खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही आणि विचारण्याची तसदीही सहसा कोणी घेत नाही. माझ्या एका स्नेह्यांनी 4 ओहमांचे म्हणून विकले गेलेले जुने, उंच स्पीकर मोठ्या हौसेने घरी आणून त्यांना 100 वॉटांचा नवाकोरा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, तेव्हा विलंबित ख्याल निर्वेध पार पडे. पण तबल्याचा डग्गा जोरात घुमू लागला, की आवाज प्रथम खरखरीत होई आणि मग संरक्षक रिले टक्कन सुटून मैफल खंडित होई. ताकद कमी पडते, असे निदान करून दुकानदाराने 200 वॉटांचे यंत्र गळ्यात मारले; तेही तसेच रुसू लागले, तेव्हा ही सारी कैफियत माझ्यापुढे आली.

अशा वेळी मल्टीमीटर थेट स्पीकरला लावून काही उमगत नाही, कारण तो केवळ तारेच्या गुंडाळीचा रोध दाखवतो. मी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये 1000 ओहमांचा रोध घातला, 10 व्होल्टांचा शुद्ध स्वर सोडला, आणि स्पीकरच्या टोकांवरचा दाब मोजत स्वर हळूहळू चढवीत नेला. या जोडणीत धारा जवळजवळ अचल राहून एक मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे एक दशांश ओहम असा सोयीचा हिशेब जमतो. साधे मीटर उंच स्वरांवर भरवशाचे राहत नाहीत, परंतु आमचा गुन्हेगार खालीच सापडला: डग्ग्याच्या टापूत भार अडीच ओहमांपर्यंत उतरत होता. प्रचलित आंतरराष्ट्रीय मानक असे, की जाहीर आकड्याच्या 80 टक्क्यांखाली भार कोठेही जाऊ नये. म्हणजे त्या स्पीकरवरचा ‘4’ हा आकडाच मुळात गैरलागू होता.

100 वॉटांना 8 ओहमांत सुमारे 28 व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर लागतात. तेच 28 व्होल्ट अडीच ओहमांवर टिकवायचे, तर 11 अँपिअरहून अधिक धारा पुरवावी लागते. त्यातच स्पीकरमधील गुंडाळ्या आणि कपॅसिटर यांच्यामुळे दाब आणि धारा एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. दोहोंत 45 अंशांचे अंतर पडले, की 4 ओहमांचा भारही ट्रान्झिस्टरला तापण्याच्या दृष्टीने दीड ओहमासारखा वाटतो, आणि संरक्षक मंडल त्याला सरळ शॉर्टसर्किट समजते.

मोठा आकडा हा यावर उतारा नव्हे. पीटर वॉकर यांचा क्वाड स्थिरविद्युत स्पीकर 1957 साली बाजारात आला. त्याचा भार अत्युच्च स्वरांवर 2 ओहमांखाली जातो, तरीही त्याच घराण्याचा 15 वॉटांचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर तो समाधानकारकपणे वाजवी, कारण इतक्या उंचीवर संगीताचा जोर मुळातच थोडा असतो. उलट त्या स्पीकरची मर्यादा 33 व्होल्टांची, आणि 100 वॉटांच्या यंत्राचे शिखर 40 व्होल्टांचे. तेव्हा तेथे अविचाराने ताकद वाढवणाऱ्याच्या पडद्यात ठिणगी पडण्याचे भय.

म्हणून अ‍ॅम्प्लिफायर घेताना 8 आणि 4 या दोन्ही भारांवरचे वॉट मागून घ्यावेत. 100 चे 180 होत असतील, तर ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठा प्रामाणिक. 100 चे 115 च होत असतील, तर अवघड स्पीकरापुढे ते यंत्र दम टाकणार, हे गृहीत धरावे. मागे 4 आणि 8 ओहमांचा खटका असलेल्या पुष्कळशा ट्रान्झिस्टर यंत्रांत तो खटका 4 वर नेल्याने केवळ आतला दाब उतरतो आणि यंत्र थंड राहते, धारा देण्याची ऐपत काही वाढत नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रातल्या वेगवेगळ्या टोकांची गोष्ट निराळी, तेथे ट्रान्सफॉर्मर खरोखरच भार जुळवून देतो. कोणी स्पीकरच्या तारेत दोन ओहमांचा रोध घालून ‘भार वाढवण्याची’ युक्ती सुचवली, तर ती ऐकू नये. रिले गप्प बसेल, पण डग्ग्याचा बांधीव नाद सैल पडून घुमत राहील. आमच्या स्नेह्यांनी अखेर 60 वॉटांचे, परंतु 4 ओहमांवर जवळजवळ दुप्पट देणारे जडशीळ यंत्र आणले, आणि 200 वॉटांचे दुकानदाराला परत करताना त्याच्याशी घातलेला वाद मात्र ते अजूनही रंगवून सांगतात.