न दिसणाऱ्या विषाचे माप

सन १९१४ मध्ये बार्बर नावाच्या शास्त्रज्ञाने फिलिपाइन्स बेटांतील एका गाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे दूध ताजे प्यावे, तर काहीच होत नसे. तेच उकाड्यात काही तास ठेवून प्यावे, तर उलट्या होत. हा प्रयोग त्याने स्वतःवरही केला! गाय दिसावयास निरोगी होती. तिच्या कासेत मात्र स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू होते, आणि उबदार दुधात वाढताना ते विष सोडीत.

दूध तापविले म्हणजे हे जंतू मरतात. परंतु त्यांनी आधीच सोडलेले विष उकळूनही सहसा नाहीसे होत नाही. २००० साली जपानमधील ओसाका भागात १३,००० हून अधिक लोक दुधामुळे आजारी पडले. त्यात वापरलेली भुकटी तयार होत असता कारखान्यातील वीज गेली होती व दूध उबदार राहिले होते. पुढे उष्णतेने जंतू मेले, विष उरले. केवळ जिवंत जंतू शोधणाऱ्यास त्या भुकटीत दोष दिसला नसता.

मग विषच कसे ओळखावे? पूर्वी ते माकडांस पाजून पाहत. ही रीत क्रूर तर होतीच, शिवाय बेभरवशाची. कारण सवय झालेल्या माकडास उलटी होत नसे. आता प्रतिपिंडे वापरतात. कुलपास जशी त्याचीच किल्ली बसते, तशी ती ठराविक विषासच चिकटतात व रंग उमटतो.

पण एका ग्रॅमचे एक कोटी भाग कल्पिले, तर त्यांतील एकदोन भाग विषही माणसास आजारी पाडण्यास पुरते. एवढे सूक्ष्म विष हाती लागावे म्हणून पदार्थाचा अर्क काढून तो दाट करावा लागतो. समजा, एका प्रयोगशाळेने तो कमी दाट केला, दुसरीने अधिक. एकीने ‘विष नाही’ म्हटले, दुसरीने ‘आहे’. तर माल विकावा की फेकावा?

म्हणून एकाच पदार्थाचे नमुने अनेक प्रयोगशाळांस पाठवितात. काहींत मोजून विष घातलेले असते, काहींत मुळीच नसते. कोणत्यात काय, हे तपासणाऱ्यांस सांगत नाहीत. ही परीक्षा परीक्षकांचीच! असलेले विष न सापडणे घातकच. पण नसलेले सापडले, तर बिचाऱ्या गवळ्याचा चांगला माल वाया जातो.

२०१७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अर्क काढण्यापासून रंग मोजण्यापर्यंतची एक पद्धत ठरवून दिली. तीत ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच विषांचाच शोध घेता येतो. या जंतूंची अशी विषे आजवर वीसहून अधिक सापडली आहेत.