छायाचित्रांची निवड, संस्कार व सांठवण

छायाचित्र काढणें ही एके काळीं खर्चाची गोष्ट होती. फिल्मच्या एका गुंडाळींत बहुधा छत्तीसच चित्रें मावत. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं मनुष्य विचार करी. आतां कॅमेऱ्यांत किंवा मोबाइलमध्यें एका दिवसांत पांचशें चित्रें सहज निघतात, व त्यांस वेगळा खर्च पडत नाहीं. परंतु खर्च वांचला म्हणून श्रम वांचले असें मात्र नाहीं. पूर्वीं जो विचार कळ दाबण्याआधीं करावा लागे, तो आतां कळ दाबल्यानंतर करावा लागतो. आणि तो न केल्यास चित्रें असूनहि नसल्यासारखींच होतात. हव्या त्या वेळीं हातीं न लागणारें चित्र व हरवलेलें चित्र यांत भेद तो काय? या लेखांत त्या कामाचा क्रम सांगण्याचें योजिलें आहे.

अंकीय छायाचित्र म्हणजे वस्तुतः अंकांचें एक मोठें कोष्टक होय. चित्राचे अगदीं बारीक चौकोनी कण पाडावयाचे व प्रत्येक कणाचा उजेड अंकांत लिहावयाचा, एवढीच त्यांतली युक्ति. या कणांस पिक्सेल म्हणतात. अशा रीतीनें संगणकांत घातलेलें पहिलें छायाचित्र १९५७ सालीं अमेरिकेंत रसेल किर्श यांनीं तयार केलें. तें त्यांच्या तान्ह्या मुलाचें असून त्यांत १७६ उभे व १७६ आडवे, म्हणजे सुमारें एकतीस हजार कण होते. पुढें १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं पहिला स्वतंत्र अंकीय कॅमेरा जुळविला. त्यांत एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज पुष्कळ कॅमेऱ्यांच्या चित्रांत दोन कोटींहून अधिक कण असतात. चित्र अंकांचें झाल्यामुळें त्याच्या अंगीं दोन गुण आले : त्याची हुबेहूब नक्कल करतां येते, आणि एका क्षणांत तें समूळ नाहींसेंहि होतें. पुढील सर्व नियम या दोन गुणांतूनच निघतात.

१. उतरवून घेणें

समजा, शाळेच्या क्रीडामहोत्सवाचीं सहाशें चित्रें एका विद्यार्थ्यानें काढलीं आहेत. प्रथम तीं कॅमेऱ्यांतील कार्डावरून संगणकावर आणावयाचीं. येथें नियम असा कीं, चित्रें कार्डावरून हलवूं नयेत. त्यांची नक्कल करावी. नक्कल पुरी होतांच दुसरी नक्कल निराळ्या डिस्कवर करावी, दोन्हींकडील संख्या जुळते कीं नाहीं तें पाहावें, पांचदहा चित्रें उघडून बघावीं, आणि मगच कार्ड कोरें करावें.

चित्रें ज्या फोल्डरमध्यें ठेवावयाचीं त्याचें नांव तारखेनें सुरू करावें, व तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमानें लिहावी. जसें, २०२५-०१-१८ क्रीडामहोत्सव. संगणक नांवें डावीकडून लावतो. दिवस प्रथम लिहिल्यास साऱ्या महिन्यांच्या अठरा तारखा एका ठिकाणीं गोळा होतात; वर्ष प्रथम लिहिल्यास घटना ज्या क्रमानें घडल्या त्याच क्रमानें उभ्या राहतात.

कॅमेरा आपण होऊन जें नांव देतो त्यावर विसंबूं नये. बहुतेक कॅमेऱ्यांचा क्रमांक ९९९९ झाला कीं पुन्हां ०००१ पासून सुरू होतो. त्यामुळें दोन निराळ्या चित्रांस एकच नांव मिळतें, आणि एकावर दुसरें लिहिलें जाऊन पहिलें नष्ट होण्याची भीति असते. म्हणून चित्राच्या नांवांतहि तारीख घालावी. कॅमेऱ्याचें घड्याळ बरोबर आहे ना, हें मात्र आधींच पाहावें. कारण १९९५ सालीं जपानांत ठरलेल्या एक्झिफ नांवाच्या पद्धतीनें चित्र काढल्याची वेळ प्रत्येक चित्राच्या पोटांत आपोआप नोंदली जाते. घड्याळ चुकीचें असेल, तर सारी नोंदहि चुकीची होते.

२. निवड

निवड दोन फेऱ्यांत करावी. पहिल्या फेरींत फक्त टाकाऊ चित्रें ओळखावीं : हललेलीं, डोळे मिटलेलीं, एकाच क्षणाचीं दहा असल्यास त्यांतलीं नऊ. दुसऱ्या फेरींत उरलेल्यांतून उत्तम चित्रें वेंचून त्यांस ताऱ्याची खूण करावी. सहाशेंतून साठ उरलीं तर काम चांगलें झालें असें समजावें. निवडीपूर्वीं संस्कार करूं लागणाऱ्याचा अर्धा वेळ पुढें टाकून द्यावयाच्या चित्रांवर जातो.

परंतु निवड म्हणजे केवळ सुंदराची निवड नव्हे. पहिल्या आलेल्या धांवपटूचें चित्र सर्वच ठेवतात. शेवटीं पोंचलेल्या मुलास टाळ्या वाजवून घेणारे सोबती, किंवा पहांटे मैदानावर फक्कीच्या रेघा आंखणारा शिपाई, यांचेंहि एखादें चित्र ठेवावें. वीस वर्षांनीं तो दिवस त्यांच्यामुळेंच डोळ्यांपुढें उभा राहील.

३. नांवें व माहिती

ही पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि खरी हानि येथेंच होते. कॅमेऱ्यास वेळ कळते, पण माणसें कळत नाहींत. चित्रांत कोण आहेत, प्रसंग कोणता, ठिकाण कोणतें, हें आपणच लिहावयास हवें. डावीकडून उजवीकडे अशा क्रमानें पुरीं नांवें लिहावीं. नुसतें ‘दादा’ किंवा ‘बाई’ लिहिल्यानें पुढच्यास बोध होत नाहीं. ही माहिती वेगळ्या वहींत न लिहितां चित्राच्या फाइलींतच लिहिण्याची सोय असते. म्हणजे चित्र जाईल तेथें नांवें बरोबर जातात. ती एखाद्या कार्यक्रमाच्या स्वतःच्याच यादींत राहिली, तर तो कार्यक्रम बंद पडतांच श्रम वाया जाण्याचा संभव असतो. पिकासा नांवाचा लोकप्रिय कार्यक्रम २०१६ सालीं बंद करण्यांत आला, हें ध्यानीं ठेवावें.

एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे. मोबाइलनें काढलेल्या चित्रांत पुष्कळदां तें स्थळ अक्षांश-रेखांशांसह नोंदलेलें असतें. लहान मुलांचीं किंवा घरांतील चित्रें सर्वांपुढें मांडण्याआधीं ती नोंद काढून टाकावी.

४. संस्कार

आतां चित्रावर संस्कार करण्यास हरकत नाहीं. त्यांतला आद्य नियम एकच : मूळ चित्रास हात लावूं नये. जेपेग ही चित्र लहान करून ठेवण्याची रीति १९९२ सालीं प्रमाण ठरली. तींत आठ बाय आठ कणांचे चौकोन पाडून, डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील टाकून देण्यांत येतो. असें चित्र बदलून पुनःपुन्हां जतन केलें, म्हणजे दर वेळीं आणखी कांहीं तपशील जातो, व तो कधींहि परत येत नाहीं. कॅमेऱ्याची कच्ची किंवा ‘रॉ’ फाइल असें कांहीं टाकीत नाहीं. जेपेगमध्यें प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ फाइलींत त्या १६,३८४ असतात. सांवलींत बुडालेला चेहरा रॉ फाइलींतून अधिक चांगला वर काढतां येतो, त्याचें कारण हेंच.

लाइटरूम किंवा विनामूल्य मिळणारें डार्कटेबल यांसारखे कार्यक्रम मूळ फाइल तशीच ठेवून केलेल्या बदलांची केवळ यादी लिहून ठेवतात. धान्यास धक्का न लावतां पाककृति तेवढी लिहून ठेवावी, तसेंच हें आहे. कृति केव्हांहि बदलावी, कोठार शाबूत. क्रम साधारणपणें असा ठेवावा : आधीं तिरपें चित्र सरळ करून कडा छाटणें, मग उजेड, मग पांढऱ्याचा समतोल, मग रंग, आणि सर्वांच्या शेवटीं धार. अतिउजेडानें जो भाग निव्वळ पांढरा झाला त्यांत कांहीं नोंदलेंच गेलेलें नसतें. तो कोणत्याहि संस्कारानें भरून येत नाहीं.

संस्काराची मर्यादाहि जाणली पाहिजे. उजेड वाढविणें निराळें, आणि नसलेली वस्तु घालणें निराळें. २००६ सालच्या ऑगस्टमध्यें बैरूत येथील एका चित्रांत धुराचे लोट वाढविल्याचें उघडकीस आलें. तेव्हां रॉयटर्स या वृत्तसंस्थेनें तें चित्र मागें घेतलेंच, शिवाय त्या छायाचित्रकाराचीं ९२० चित्रें विक्रींतून काढून टाकलीं. एका खोट्यानें शेंकडों चित्रांवरचा विश्वास उडाला.

५. प्रती व सांठवण

संस्कार झालेल्या चित्राची प्रत कामाप्रमाणें काढावी. छपाईस दर इंचास ३०० कण हें चांगलें प्रमाण होय; म्हणून सहा बाय चार इंच चित्रास १८०० बाय १२०० कण लागतात. मोबाइलवर पाठवावयाची प्रत लहान चालते. पण ती लहान प्रत म्हणजेच मूळ चित्र, असें समजून मूळ पुसूं नये.

सांठवणीचा नियम तीन, दोन, एक असा सांगतात. तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं असावी. तिसऱ्या अंगाचें महत्त्व मुंबईकरांस सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, व कितीतरी घरांत पाणी शिरलें. अशा वेळीं संगणक व त्याशेजारच्या कपाटांतील डिस्क यांचें भवितव्य एकच असतें. तसेंच, जेथें मोबाइलवरील चित्र पुसतांच आंतरजालावरील प्रतहि पुसली जाते, ती व्यवस्था म्हणजे निराळी प्रत नव्हे. वर्षांतून एकदां प्रत्येक प्रत उघडून पाहावी. न तपासलेल्या प्रतीवर भरंवसा ठेवणें व्यर्थ होय.

जुन्या चित्रांविषयीं

हेंच सर्व नियम घरांतील जुन्या, कागदी चित्रांसहि लागू पडतात. तीं दर इंचास ६०० कण या प्रमाणानें स्कॅन करावीं, व मागच्या बाजूवर अक्षरें असल्यास तीहि बाजू घ्यावी. फाटलेला कोपरा व उतरलेला रंग पुढें केव्हांहि दुरुस्त करतां येईल. त्यासाठीं साधनें दिवसेंदिवस सुधारतच आहेत. पण दुसऱ्या ओळींत उभी असलेली ती नऊवारींतली मुलगी कोण, हें सांगणारें माणूस घरांत बहुधा एकच उरलेलें असतें, आणि तें माहेरचें नांव कोणतेंहि साधन मागाहून शोधून देऊं शकत नाहीं. म्हणून विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टींत रंग उजळण्याच्या आधीं आजीजवळ वही घेऊन बसावें, व नांवें लिहून घ्यावीं. काम याच क्रमानें व्हावें.