खचलेल्या सोबत्याशीं कसें बोलावें

विद्यार्थीमित्रहो, या वार्षिकांत आम्हीं आजवर बहुधा व्याकरण आणि भूगोल यांवरच पाठ लिहिले. यंदाचा पाठ निराळा आहे. तो तुमच्या पालकांनींही वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण त्यांतील कांहीं भाग खास त्यांच्यासाठींच आहे.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशाचें लक्ष विदर्भाच्या ज्या जिल्ह्यांकडे गेलें त्यांत आपला बुलढाणा जिल्हा आहे. सन २००६ मध्यें केंद्र सरकारनें ज्या सहा जिल्ह्यांस विशेष मदत जाहीर केली त्यांत त्याचें नांव होतें. २०१५ सालीं राज्य सरकारनें शेतकऱ्यांस मानसिक आधार देण्यासाठीं चौदा जिल्ह्यांत काढलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पांतही होतें. पाऊस चुकला किंवा भाव पडला, कीं घाटाखालीं काय आणि घाटावर काय, घरोघरीं चिंता शिरते हें तुम्हीं पाहिलेंच आहे. परंतु हें दुःख शेतापुरतें नाहीं. २०२२ सालच्या सरकारी नोंदींप्रमाणें देशांत १,७०,९२४ माणसें अशा रीतीनें गेलीं, आणि त्यांत तेरा हजारांहून अधिक विद्यार्थी होते. आंकडे येथेंच पुरे.

कर्ज किंवा नापास होणें हें एकटेंच कारण क्वचित् असतें. अनेक ओझीं एकावर एक चढतात. त्यांत उदासीनतेचा आजार, घरांतील कलह, दारू यांची भर पडते. आणि मग दुसरी वाटच नाहीं असें माणसास वाटूं लागतें. ही लाट बहुधा ओसरते. ती ओसरेपर्यंत जवळ कोणी असावें लागतें.

बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत पूर्णाकांठच्या एका गांवचा मुलगा होता. परीक्षेच्या तोंडावर त्यानें आपली कंपासपेटी एकास व स्वेटर दुसऱ्यास देऊन टाकला. आम्हांस ती उदारता वाटली, व भर वर्गांत आम्हीं त्याची स्तुति केली! तें आठवलें कीं आजही आमची मान खालीं जाते. ज्याला कंपासपेटी मिळाली त्या सोबत्यास मात्र शंका आली. त्यानें आडवळण न घेतां विचारलें, "तुझ्या मनांत मरण्याचा विचार येतो कां रे?" मुलगा रडूं लागला, आणि "कोणाला सांगूं नकोस" अशी त्यानें शपथ घातली. सोबत्यानें ती शपथ मोडली व त्याच रात्रीं तो आमच्या दाराशीं आला. आम्ही वसतिगृहांत जाऊन पहांटेपर्यंत त्या मुलाजवळ बसलों. आपण गेलों तर बापाच्या कर्जांतून निदान फीचा भार उतरेल, असा हिशेब त्यानें मांडला होता. दुसरे दिवशीं वडील आले, आणि आम्ही मिळून त्यास डॉक्टरांकडे नेलें.

असा प्रश्न विचारल्यानें तो विचार डोक्यांत शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारलें म्हणून छाती हलकी होते. विचारल्यावर मात्र ऐकावें. "तुला काय कमी आहे?", "शेजारच्याकडे बघ", "असें बोलणें पाप आहे" हीं वाक्यें तोंड बंद करतात, आणि आम्ही शिक्षक त्यांत फार पटाईत! "सांग, मी येथेंच बसलों आहें" एवढें पुरतें. त्यास एकटें सोडूं नये, आणि हें एक गुपित कधींही पाळूं नये. घरच्यांस किंवा शिक्षकांस तत्काळ सांगावें. मित्र रागावेल, रागावूं द्यावें. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालूं आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठींतही बोलतां येतें. जिवास तत्काळ धोका दिसल्यास ११२ वर फोन करावा.

ऐकण्यास पदवी लागत नाहीं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत 'विश्राम' नांवाच्या उपक्रमानें गांवचींच माणसें शिकवून तयार केलीं, तेव्हां उदासीनतेसाठीं मदत घेणाऱ्यांचें प्रमाण सुमारें सहापट झालें.

आतां पालकांस. फवारणीचीं औषधें घरांत उघडीं ठेवूं नका. कुलुपांत ठेवा, व किल्ली एकाच जबाबदार माणसाजवळ असूं द्या. श्रीलंकेनें अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तेथील आत्महत्यांचें प्रमाण १९९५ ते २०१५ या काळांत सुमारें सत्तर टक्क्यांनीं घटलें. अडचणीच्या घडीस साधन हातीं नसलें कीं घडी टळते, आणि वाचलेलीं बहुतेक माणसें पुढें जगतात. पोलिसांच्या भीतीनें दवाखाना टाळूं नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखालीं होता असेंच धरावयाचें आहे, व त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य ठरलें आहे. आणि निकालाच्या दिवशीं मुलगा घरीं येईल तेव्हां आधीं त्यास जेवूं घाला; गुणपत्रिका मागाहून पाहतां येते.

तो पूर्णाकांठचा मुलगा त्या वर्षीं गणितांत राहिला, व ऑक्टोबरच्या परीक्षेंत सुटला. आज तो गांवोगांव ठिबकच्या नळ्या बसवितो. कंपासपेटी त्याच्या सोबत्यानें त्यास दुसऱ्याच दिवशीं परत केली होती.