आभा म्हणजे विमा नव्हे : आरोग्य कार्डांचा फरक समजून घेऊ या



आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरी राशन कार्डाच्या पिशवीत आता एक-दोन आरोग्य कार्डेही असतात. आम्ही विचारले की बाया सांगतात, "आमचं पाच लाखांचं कार्ड निघालं." कार्ड हातात घेऊन पाहिले की पुष्कळदा ते ‘आभा’ असते. आभा कार्डावर एका रुपयाचाही उपचार मिळत नाही. हा फरक ऑपरेशनच्या दिवशी कळला, तर मग बचत गटाचे कर्ज, सावकार नाही तर अंगावरचा दागिना एवढेच उरते. म्हणून या महिन्याचा पाठ कार्डांचा.

हा हक्क कुठून आला

आजारपणात मजुराची चूल विझू नये, हा विचार आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा दिला. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1943 साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला.

पण तो कायदा कारखान्यातल्या कामगारांसाठी होता. घरी बिडी वळणारी, धानाची रोवणी करणारी, ठेकेदाराकडे रोजीने जाणारी आपली माणसे बाहेरच राहिली. त्यांच्यासाठी राज्याची जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गोंदियासह उरलेल्या जिल्ह्यांत ती 21 नोव्हेंबर 2013 ला आली. 1 एप्रिल 2017 पासून तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली आणि 1 एप्रिल 2020 पासून राज्यात दोन्ही एकत्र चालू लागल्या. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने फुले योजनेचे संरक्षण दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाले आणि पांढऱ्या राशन कार्डाची कुटुंबेही योजनेत आली.

याचा पैसा सरकारी तिजोरीतून जातो. साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कर आपणही भरतो. त्यामुळे हे दान नाही, हक्क आहे. दवाखान्यात मान खाली घालून उभे राहायचे कारण नाही.

दोन कार्डे, दोन कामे

आयुष्मान कार्ड हे उपचाराचे कार्ड आहे. योजनेत असलेल्या दवाखान्यात भरती झाल्यावर ठरलेल्या आजारांचा खर्च त्यावर होतो. कार्ड प्रत्येक माणसाचे वेगळे असते, पण पाच लाख सगळ्या कुटुंबात मिळून असतात.

आभा हा 14 आकडी क्रमांक आहे. तुमचे तपासणीचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या आणि सुटीचा कागद संगणकावर एका जागी जोडण्यासाठी तो असतो. ही व्यवस्था देशभर 27 सप्टेंबर 2021 पासून सुरू झाली. आभा काढणे ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही. खिडकीवर आभा काढायचा आग्रह का होतो, तेही माहीत असू द्या. कागद संगणकावर जोडणाऱ्या दवाखान्यांना केंद्र सरकार 1 जानेवारी 2023 पासून प्रोत्साहन रक्कम देऊ लागले.

संगणकाने काय सोपे झाले, काय अडले

फायदा नाकारण्यात अर्थ नाही. आभा असेल तर काही सरकारी दवाखान्यांत फोनने चौकोनी कोड टिपून नोंदणी होते आणि रांग वाचते. ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो. सालेकसा किंवा देवरीच्या आतल्या गावातून शहरात यायचे तर गाडीभाडे आणि दिवसाची रोजी दोन्ही जातात, ती वाचतात.

पण कार्ड काढायला आधारची ओळख पटावी लागते आणि तिथे आपली माणसे अडतात. रोवणी करून, बिडी वळून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात आणि ठसा उमटत नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो. राशन कार्डावर ‘शांता’ आणि आधारवर ‘शांताबाई’ असते. सून घरात येऊन तीन वर्षे झाली, तरी तिचे नाव माहेरच्याच राशन कार्डावर असते. ठसा उमटत नसेल तर चेहरा दाखवून किंवा मोबाइलवर आलेल्या आकड्याने ओळख पटवता येते. "ठसा येत नाही, घरी जा" असे सांगितले तर हे पर्याय नाव घेऊन मागा.

खिशातून तरी काय जाते

2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशात आरोग्यावर होणाऱ्या दर 100 रुपयांतले 39 रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरतात. 2013-14 मध्ये ते 64 होते. ओझे कमी झाले, पण संपले नाही. ही योजना मुख्यतः भरतीच्या आणि ऑपरेशनच्या उपचारांसाठी आहे. बीपी-शुगरची रोजची गोळी, ताप-खोकल्याची तपासणी, सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी हे त्यात येत नाही.

त्यासाठी सरकारी दवाखाना सोडू नका. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना मात्र तो निर्णय लागू नाही. कार्डामुळे खासगी दवाखान्याचे दार उघडते हे खरे, पण आपल्या गावचे आरोग्य केंद्र ओस पडले तर रोजच्या दुखण्याला जायचे कुठे?

आपली माहिती, आपली मर्जी

पूर्व विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल जास्त आढळतो. त्याची तपासणी प्रत्येकाने करावी, लग्नाआधी तर नक्कीच. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. पण ती नोंद कोणाला दाखवायची, हे त्या माणसाने ठरवायचे. मुलीचा अहवाल सोयरिकीआधी गावभर झाला, तर त्रास तिलाच होतो. टीबी, एचआयव्ही आणि मानसिक आजाराचेही तेच.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले आहे. आभातले कागद तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्याला दाखवता येत नाहीत आणि दिलेली संमती परत घेता येते. मोबाइलवर आलेला आकडा म्हणजे तुमची सहीच. विचारल्याशिवाय सांगू नका, कोण आणि कशासाठी मागतो ते आधी विचारा.

येत्या रविवारी विहारात

कोणी आजारी नसताना करायची ही कामे आहेत. वंदना झाली की तासभर बसा. शिकलेल्या मुलामुलींना फोन घेऊन बोलवा.

1. घरातल्या प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड वेगळे आहे का, ते पाहा. नसेल तर आशाताई, सेवा केंद्र किंवा योजनेच्या दवाखान्यातले आरोग्यमित्र यांच्याकडे काढा. त्याला पैसे लागत नाहीत.
2. राशन कार्डाचा 12 आकडी ऑनलाइन क्रमांक लिहून ठेवा. आधार आणि राशन कार्डावरचे नाव जुळवून घ्या. सुनेचे आणि बाळाचे नाव चढवा.
3. 70 वर्षांपुढच्या आजी-आजोबांचे वयवंदना कार्ड काढा. 29 ऑक्टोबर 2024 पासून त्यांना उत्पन्नाची अट नाही. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर त्यांचे पाच लाख वेगळे असतात.
4. नागपूरला किंवा रायपूरला जायच्या आधी तो दवाखाना योजनेत आहे का आणि तो आजार बसतो का, हे विचारा. फुले योजनेचे दवाखाने राज्याने ठरवलेले असतात.
5. भरती होताना आधी आरोग्यमित्राला भेटा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागून देता येतात.
6. बसणाऱ्या उपचाराला अनामत मागितली तर पावती मागा आणि तिथूनच फोन लावा. फुले योजनेसाठी 155388, आयुष्मानसाठी 14555.

एका खासगी दवाखान्यात आमच्या ओळखीच्या बाईकडे कार्ड असूनही आगाऊ रक्कम मागितली होती. तिने पावती मागितली, नंबर लावला, आणि मागणी तिथेच थांबली. तिला नंबर पाठ होता म्हणून हे झाले. ज्यांना तो पाठ नाही, त्यांनी पैसे भरले असते.

पोटाच्या आजाराने पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, उचलून नीट निजवले. आजाऱ्याची सेवा सगळ्या संघाची, हा त्यातला धडा. आपल्या वस्तीत ती सेवा आज शेजारच्या म्हातारीचे कार्ड तपासण्यापासून सुरू होते.

जय भीम!