गृहपरिचर्येतील मूत्रमार्गसंसर्ग व प्रतिजैविकांचा विवेक

गढूळ लघवी, उग्र वास आणि तपासणीच्या कागदावर ‘पस सेल्स १५-२०’, एवढ्या आधारावर नॉरफ्लॉक्सासिन मागणारे नातेवाईक चिकित्सकांस व औषधविक्रेत्यांस नवे नाहीत. आमच्याकडील एका शय्याग्रस्त वृद्धेस कॅथेटर बसविलेला होता. लघवी गढूळ दिसली की मुलगा येई व आम्ही तीन दिवसांचे औषध लिहून देत असू. ताप नाही, ओटीपोटात वेदना नाही. तरी सहा महिन्यांत असे चार वेळा घडले. पुढे खरोखरच थंडी वाजून ताप आला, तेव्हा कल्चरमध्ये तोंडाने देता येईल असे एकही औषध त्या जंतूस लागू पडेना. रुग्णालयात दाखल करून इंजेक्शने द्यावी लागली. चूक आमचीच होती.

कॅथेटर काही आठवडे राहिला की मूत्रात जंतू वसतातच. पस सेल्सही दिसतात. लक्षणे नसताना हे जंतू मारण्याचे कारण नाही. गर्भिणी व मूत्रमार्गावरील काही शस्त्रकर्मे हे मुख्य अपवाद होत. वृद्ध रुग्ण अचानक बरळू लागला तरी, ताप वा मूत्राची नवी लक्षणे नसल्यास, प्रथम पाण्याची कमतरता, मलावरोध, नवे सुरू झालेले औषध व तुंबलेले मूत्र पाहावे. चरकांनी मूत्रकृच्छ्राचे आठ आणि सुश्रुतांनी मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले, तो भेद येथे कामी येतो. मूत्र अडलेले असताना प्रतिजैविक काय करणार?

संसर्गाची खरी शंका असल्यास कल्चरचा नमुना पहिल्या मात्रेपूर्वी घ्यावा. पिशवीतून कदापि नव्हे. जुना कॅथेटर बदलून नव्यातून घ्यावा व दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवावा, अन्यथा फ्रिजमध्ये ठेवावा.

गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या साध्या मूत्राशयशोथात दीर्घप्रभावी नायट्रोफ्युरँटॉइन १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा पाच दिवस, किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच मात्रा बहुधा पुरते. मात्र ही औषधे वृक्काच्या संसर्गात उपयोगी नाहीत, आणि वृक्कक्रिया मंदावलेल्यास नायट्रोफ्युरँटॉइन टाळावे. सिप्रोफ्लॉक्सासिन वर्गास आपल्याकडील ई. कोलाय मोठ्या प्रमाणात दाद देत नाहीत. शिवाय वृद्धांत कंडरांस इजा संभवते.

चंद्रप्रभा, गोक्षुरादि गुग्गुळ आम्हीही देतो. परंतु थंडी वाजून ताप, कुशीत वेदना, उलट्या वा मूत्राचे प्रमाण घटणे, यांपैकी काही दिसताच केवळ त्यांवर विसंबून रात्र काढू नये, रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांस एक विनंती. सेफिक्सिमसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठी पाहून नोंद करणे व ती नोंदवही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. जुनी चिठ्ठी घेऊन कोणी पुन्हा आले, तर ताप आहे का व कॅथेटर केव्हा बदलला, एवढे विचारून त्यांस चिकित्सकाकडे परत पाठवावे.