दुखणं थांबलं, तिथेच घात झाला

"बघा, पेस्टचा गुण आला!" असं आमचे दातांचे डॉक्टर कौतुकाने म्हणाले, तेव्हा माझ्या दाढेची नस मेलेली होती. म्हणून तर दुखायचं थांबलं होतं.

सुरुवातीला गार पाण्याने क्षणभर कळ यायची. मी तेव्हाच गेले होते. त्यांनी बॅटरी मारली, आरसा फिरवला, "सेन्सिटिव्हिटी आहे, वयानुसार होतंच" म्हणाले आणि महागडी पेस्ट लिहून दिली. एक्स-रे काढायचा का, हे मी विचारलं होतं. मुद्दाम लिहितेय, कारण आता घरात सगळे 'अंगावर काढलंस' म्हणतात. "उगाच रेडिएशन कशाला?" हे उत्तर मिळालं. पुढे गरम चहाने ठणका लागायला लागला, लवकर ओसरायचा नाही, रात्री आडवं झालं की जास्तच. आणि मग एकदम शांत.

हिरडीवर पुळी आली तेव्हा दुसरीकडे गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढून स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन दाढांच्या फटीतून, जिथे ना ब्रश पोचतो ना बॅटरीचा उजेड, काळी सावली थेट नसेपर्यंत गेलेली. मुळाच्या टोकाशी पू साठल्याची गोल खूण. वरून दाढ धडधाकट! वांग्याला बाहेर टाचणीएवढं भोक आणि चिरलं की आत सगळं किडलेलं, तशी गत. "ही आत्ताची नाही, बरीच जुनी आहे," त्या म्हणाल्या. मला आधी रडू आलं नाही, रागच आला.

मग त्यांनी जे सांगितलं, ते पहिल्याच दवाखान्यात कळायला हवं होतं. साखर मिळाली की दातावरच्या चिकट थरातले जंतू आम्ल तयार करतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं सुटू लागतात. लाळ हळूहळू ती झीज भरून काढते, पण तिला मध्ये वेळ मिळायला हवा. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली हे महत्त्वाचं. दिवसभर घोट घोट गोड चहा सगळ्यात वाईट. पहिली खूण म्हणजे खडूसारखा पांढरा डाग. तेवढ्यावर असताना फ्लोराइडने दात सावरू शकतो. इनॅमलला नस नसते, त्यामुळे तोवर काहीच दुखत नाही. आतलं डेंटिन मऊ, तिथे कीड आडवी पसरते आणि गार लागू लागतं. माझी दाढ या टप्प्यावर असताना बहुधा नुसत्या फिलिंगवर भागलं असतं. कळ रेंगाळू लागली की नस वाचणं कठीण. माझं रूट कॅनल झालं, वर कॅप. खर्च सांगत नाही, रक्तदाब वाढतो.

पहिल्या डॉक्टरांना फोन केला. "तेव्हा कीड नव्हतीच," एवढंच म्हणाले. सिद्ध कशाने करणार? फिल्मच नाही.

तर, गार लागत असेल आणि बाहेरून काही दिसत नसेल, तर 'बाइटविंग' एक्स-रे मागा, नाव घेऊन मागा. दोन दातांमधली कीड त्यात दिसते आणि किरणांचा डोस अगदी थोडा असतो. तारखेसकट त्याची प्रत मोबाइलवर घ्या. लवंगेचं तेल बोळ्याने दाबून ठेवू नका, माझी हिरडी भाजली ती वेगळीच. नुसत्या अँटिबायोटिकने पुळी बसते, मुळाशी असलेलं कारण राहतंच. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का पाहा. झाडपाल्याच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतं. फटीतून दोरा फिरवा. रात्री दात घासा, हे सगळ्यांना माहीत असतंच.

आणि मुलांचे दात दुधाचे, पडणारच, म्हणून सोडू नका. त्यांचं इनॅमल पातळ, त्यामुळे कीड भराभर आत जाते. आणि दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात.